आवश्यकता थोडक्यात लिहा

५ जुलै १९७१, नगर
शिक्षण खात्यातल्या आमच्या साहेबांनी शिकवण्याचं यंत्र करायचं काम माझ्यावर सोपवलं. पेटी, बटणं, आत धड्यांचा प्रोग्रॅम. मास्तर नसला तरी मूल शिकेल. वरून सूचना अशी, की आधी शिक्षकांना त्यांच्या गरजा विचाराव्यात. अगदी माझ्या मनातलं. संकल्प : शिक्षकांना विचारल्याशिवाय एक खिळाही ठोकायचा नाही.
संध्याकाळी कानिफनाथ सुताराला पेटीचं माप दिलं. सागवान स्वस्तात मिळत होतं.

१० जुलै
प्रश्नावली तयार. प्रश्न बहात्तर. शेवटचा : 'आपल्या आवश्यकता थोडक्यात लिहा.' जागा दीड ओळ.
आज दुसरा शनिवार, म्हणून रतन आली होती. रतन म्हणजे आमची मंडळी. जामखेडच्या पलीकडे एका वाडीवर सहा वर्षं शिक्षिका आहे. म्हणाली, दीड ओळीत काय मावतं? मग म्हणाली, मलाच विचारा की, समोर तर बसलेय. तिला समजावलं, की अशानं निःपक्षपातीपणा राहत नाही. तिची प्रश्नावली पोस्टानं पाठवली.

२ ऑगस्ट
पाठवल्या एकशे चाळीस, आल्या अकरा. प्रतिसाद उत्साहवर्धक. भिमाजी गुरुजी लिहितात, पहिली गरज पत्रे, वर्ग गळतो. बाकीचं पत्रे बसल्यावर कळवतो. शेरा मारला : विषयबाह्य.
रतननं सात पानं जोडलीत. म्हणे यंत्र नको. दसरा झाला की पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, चैत्रात परततात, तोवर बाराखडी विसरलेली असते. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करा, पुढं प्रश्न, मागं उत्तर. बैलगाडीत बसूनही पोर आपलं आपण पुढं सरकेल. शेरा : नमुन्याबाहेरची पानं जोडू नयेत.
दीड ओळीत मात्र एवढंच : 'नगरला बदली. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.'
साहेबांच्या कानावर घालायला दोन मिनिटं पुरतील. पण स्वतःच्या बायकोसाठी शब्द टाकणारा माणूस मी नव्हे. शिवाय ती इकडे आली तर तिकडची अशी सविस्तर उत्तरं कोण देणार? यंत्र झालं की बोलू.

११ सप्टेंबर
यंत्र झालं. उत्तर बरोबर आलं की दिवा लागतो. कानिफनाथ म्हणाला, सायेब, दिव्याला लाईट लागंल, तिकडं हाय का? अशा नकारात्मक वृत्तीमुळेच देश मागे राहिला.
दुसरा शनिवार असून रतन आली नाही. निरोप आला, पुठ्ठे कापतेय. तिला सविस्तर पत्र लिहायचं ठरवलं.

१४ सप्टेंबर
पत्र उद्या.

४ ऑक्टोबर, रतनची वाडी
यंत्र एस.टी.च्या टपावर टाकून आणलं. दोन माणसांनी उचललं. वाडीत वीज नाही. बॅटरी वाटेत हादरून गेली. तरी मुलं एकाग्र होती. बहुतेक माझ्याकडेच बघत होती.
साळूबाई नावाची एक आई म्हणाली, आमच्या कोपीत आमी धा जनं निजतो, ह्ये कुठं ठिवायचं? कोपी म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी. मग पोरीच्या हातातल्या दोऱ्यात ओवलेल्या चिठ्ठ्या दाखवून म्हणाली, ह्ये बरं हाय, बाईंनी केलंय.
त्या चिठ्ठ्यांना खात्याची मान्यता नाही, असं मी रतनला सौम्यपणे सांगितलं. तिनं चहा दिला. विचारलं, साहेबांशी बोललात का? मी म्हटलं, यंत्राचं काम अहवालापर्यंत येऊ दे. ती बरं म्हणाली. पटलं तिला. पूर्वी वाद घालायची.

२९ ऑक्टोबर, नगर
तोडकऱ्यांच्या गाड्या सकाळी नगरावरून राहुरीकडे गेल्या. मी मीटिंगमध्ये होतो. विषय : शिक्षकांचा सहभाग.
घरी आलो तर शेजारच्या भीमाबाईंनी किल्ली हातात ठेवली. म्हणाल्या, वहिनी येऊन गेल्या, बिनपगारी रजा काढलीय, पोरांबरोबर चालल्यात कारखान्यावर, चैत्रापर्यंत तिथंच शिकवायचं म्हणतात. स्टोव्ह आणि गोधडी नेली. मी विचारलं, माझ्यासाठी काही निरोप? म्हणाल्या, मी बी विचारलं, तर म्हनल्या, त्यांना लेखी लागतं.
रजेचा अर्ज रीतसर माझ्याच टेबलावरून गेला होता. सही माझी आहे. वाचायचा राहिला असावा.

२२ नोव्हेंबर
दुसऱ्या फेरीच्या प्रश्नावल्या आल्या. एकूण चार. एक रतनची, राहुरीचा शिक्का. बहात्तरही उत्तरं सुवाच्य, एकही जादा पान नाही. शेवटी, 'आपल्या आवश्यकता थोडक्यात लिहा' पुढे : 'काही नाही.'
अहवालात लिहिलं : समाधानी शिक्षक, एक. तो फॉर्म दाखवायला साहेबांकडे गेलो. ते आपणहून म्हणाले, अहो, नगरात मुलींच्या शाळेत एक जागा रिकामी झालीय, तुमच्या मिसेसना हवी का? सहा वर्षं कधी बोलला नाहीत, म्हणून मीही विचारलं नाही.
फॉर्म माझ्या हातातच होता. साहेबांनी घेतला, चष्मा लावून वाचला. म्हणाले, मग राहू दे. दुसऱ्या कुणाला देतो.
दोन मिनिटंही लागली नाहीत.
मी काहीतरी बोलायला हवं होतं. काय, ते घरी येईपर्यंत सुचलं नाही. आता सुचतंय. चहा करावा म्हटलं, तर स्टोव्ह नाही.