गार लागलेलं कपाळ

बुधवार, संध्याकाळ

सकाळी सानवी म्हणाली, "आई, माका बरा वाटणा नाय." मी होमस्टेच्या पाहुण्यांसाठी घावणे काढत होते. तव्याजवळचा हात तसाच तिच्या कपाळाला लावला. गार लागलं. म्हटलं, नुसती सर्दी, जा शाळेत.

दुपारी बाईंचा फोन. एकशे दोन ताप! मी हादरलेच. गार कसं लागलं? अगं, तापलेला तर माझाच हात होता! आता तिच्या कपाळाला लावायच्या आधी तो पाण्यात बुडवतेय.

पण बाईंनी पुढे आणखी एक सांगितलं. सानवी सकाळपासून त्यांना विनवत होती, "बाईनू, आईक फोन करू नकात. घराकडे पावणे आसत."

हे तिला शिकवलं कोणी? रोज मीच म्हणते ना, "आता नको गो, पावणे आसत."