जब्बारच्या अम्मीची माती

मुरुम. शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

फोन मीच केला. इथं तरी खरं लिहिते.

जब्बारच्या टोळीनं ह्यांच्या उजव्या हातावर कोयता मारला, तेव्हापासून ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावते. रोज सकाळी पाच बटणं. केस कोर्टात पडून आहे. जब्बार जामिनावर सुटला, मग दोन वर्षांसाठी जिल्ह्यातून तडीपार झाला. कसली तडीपारी! तासाभरावर कर्नाटकात मजेत राहतोय.

आज त्याची अम्मी वारली. परवानगी मागितली असती तर एक दिवसाची मिळालीही असती. पण अर्ज करायचा म्हणजे त्याला कमीपणा! दुपारी तोंडाला रुमाल बांधून आमच्या गल्लीत शिरला. गच्चीवरून मी त्याची चाल ओळखली अन् लगेच ठाण्यात फोन लावला. जनाजा उचलायच्या आधीच त्याला जीपमध्ये घातलं. "साहेब, माती तरी देऊ द्या," म्हणून रडत होता. लई बरं वाटलं. त्या मेलेल्या बाईचं वाईट वाटलं का? न्हाय. थोडंसं. न्हाय.

संध्याकाळी हे कब्रस्तानातून आले. डाव्या हाताला माती, शर्टाला माती. बटणं सोडताना मी चिडून विचारलं, "तुम्ही कशाला गेलात?"

"तिचा पोरगा नव्हता ना तिथं. त्याच्या वाटणीची माती मी दिली." मग म्हणाले, "पोलिसांना कुणी कळवलं असंल गं?"

मी खाली बघून बटणं सोडत राहिले.

तो पुन्हा गल्लीत दिसला तर पुन्हा फोन करीन. उद्या सकाळी परत पाच बटणं आहेतच.