बाक काढल्यावर

मुलुंड,
११ फेब्रुवारी

प्रिय नलू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक असं लिहायची पद्धत, म्हणून लिहिते. तुझी कोकमं पोचली. आमच्या सुशांतला ठाण्याला नवी नोकरी लागली.

फोनवर तू म्हणतेस, "दादाकडे दे गं," आणि मी सांगते, ते झोपलेत. झोपलेले नसतात, नलू. समोर बसून माझ्याकडे बघत असतात.

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर ह्यांची जीभ जड झाली, हे तुला ठाऊक आहेच. घरात शब्द अडला की आम्ही सगळे धावून तो पुरा करायचो. मग हे तोंड फिरवायचे. पण गेटसमोरच्या बसस्टॉपवर धोंडू झोपायचा, मालवणकडचा, घरदार नसलेला. सकाळी गाठोडं बाकाखाली सरकवून तो ह्यांना जागा करून द्यायचा. त्याला कसली घाई? ह्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत खुशाल विडी ओढत थांबायचा. भाजी घेऊन येताना मला दोघांचं हसणं ऐकू यायचं आणि मी मुद्दाम हळू चालायचे.

गणपतीनंतर बाक गेला. लोक झोपतात म्हणून तक्रारी होत्या. आता तिथे स्टीलचा तिरका पाइप आहे. टेका, बस आली की निघा. धोंडूही गेला. तेव्हापासून हे एक अक्षर बोललेले नव्हते. मी रडते, पण मोरीत जाऊन.

परवा धोंडू स्टेशनच्या पुलाखाली दिसला. म्हटलं, "धोंडूभाऊ, घरी चला ना." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलावलं. बाकावर बोलावणं लागतच नव्हतं गं.

"वयनी, वॉचमन सोडतलो?"

मी नुसतीच पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

तरी आला, पण गेटबाहेरच थांबला. मी ह्यांना धरून खाली आणलं. ह्यांचे पाय लटपटायला लागले, तसं धोंडूने त्यांना पाइपला टेकवलं. तिथून घसरायलाच लागले.

"जावा वर. पाय दुखतले," तो म्हणाला.

ह्यांचे ओठ हलले. मी सवयीने मध्ये बोलणार, तर धोंडूने हातानेच मला थांबवलं. बऱ्याच वेळाने शब्द आला.

"बैस."

धोंडूने आजूबाजूला पाहिलं.

"बसतंय हां," म्हणाला, आणि उभाच राहिला.

नलू, तू ये. घाई नसेल तेव्हाच ये.

तुझी,
जानकीवहिनी