ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही

माय, परवा इथल्या वाचनालयात मला बोलायला बोलावलं होतं. बहुतेक माझ्याच वयाची माणसं, दोन-चार कॉलेजातल्या मुली. विषय होता आवडती पुस्तकं. मी रहस्यकथांवर बोलले, इतिहासाच्या पुस्तकांवर बोलले, पृथ्वी सोडून जाणाऱ्या माणसांच्या कादंबऱ्यांवर बोलले, आणि बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की यातलं एकही मत माझं नाही. शब्दसुद्धा तुझेच. मी म्हणाले, ज्या गोष्टीत पहिल्याच पानावर प्रेत सापडतं, तिच्यात रहस्य म्हणून फारसं काही उरत नाही. लोक हसले. त्यांना ते चटकदार वाक्य वाटलं. तू ते म्हणालीस तेव्हा चुलीवर भात शिजत होता आणि आपल्या दोघींपैकी कुणीही हसलं नव्हतं.

बाबा लाकडाच्या ठेकेदाराकडे होते. आपला जिल्हा तेव्हा चांदाच होता. हिवाळ्यात आलापल्लीच्या पलीकडे सागाची तोड सुरू झाली की मजुरांवर देखरेख करायला बाबा जंगलात जायचे आणि हिवाळा सरताना, मार्कंड्याच्या जत्रेपर्यंत चामोर्शीला परतायचे. मी चौथीत होते त्या वर्षी जत्रा आली, बाबा आले नाहीत. बरोबरचे लोक सांगत आले की ते एका दुपारी एका तळावरून दुसऱ्या तळाकडे पायी निघाले, आणि दुसऱ्या तळावर पोचलेच नाहीत. पुष्कळ शोधलं. कुणी वाघ म्हणालं, कुणी नदी म्हणालं. बाजारात बायका आवाज खाली करून म्हणायच्या की सिरोंच्याकडे तेलंग्यांच्या मुलखात त्याचं दुसरं घर असेल. तू मुलींच्या शाळेत शिकवत होतीस. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून कुंकू लावायचीस आणि त्याच वाटेने, त्याच बायकांसमोरून शाळेत जायचीस. घरी येईपर्यंत मीही तुला बाईच म्हणायचं, हा आपला नियम होता.

पुस्तकं तू आधीही वाचायचीस, पण त्यानंतर तू ज्या पद्धतीने वाचू लागलीस त्याला मी आजही वाचन म्हणू शकत नाही. गावच्या वाचनालयाचं कपाट शाळेतच होतं आणि किल्ली तुझ्याकडे. वडशाच्या स्टेशनावर उतरलेला पुस्तकांचा गठ्ठा मोटारीने आपल्याकडे यायचा. संध्याकाळी तू स्वयंपाकघरात पाटावर बसून मोठ्याने वाचतेस, मी सुपात तांदूळ निवडते. रस्त्यावर कुत्रं भुंकलं की तू थांबतेस. बोट ओळीवर तसंच ठेवतेस, मान दाराकडे करतेस. कुत्रं गप्प होतं, आणि तू नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करतेस. मीही निवडायची थांबते. आपण कशासाठी थांबतो हे आपण एकमेकींना कधी विचारलं नाही.

रहस्यकथा तू चिडून वाचायचीस. शेवटी गुन्हेगार सापडला, सगळ्यांना बोलावून उलगडा झाला, की पुस्तक मिटून म्हणायचीस, यांचं बरं आहे, यांना निदान कुठून शोधायला सुरुवात करायची ते ठाऊक असतं. इतिहासावर तुझा राग वेगळा होता. राजांच्या मरणाविषयी तुझं काही म्हणणं नसायचं, ते तर तिथीवारासकट मरतात. पण मध्येच एखादा साधा शिपाई, एखादा निरोप घेऊन निघालेला माणूस यायचा आणि लिहिणारा लिहायचा, ‘पुढे त्याचा ठावठिकाणा लागत नाही.’ तिथे तू पुस्तक मांडीवर ठेवायचीस. एकदा म्हणालीस, “लागत नाई, असं लिहिलं अन् हा पुढच्या लढाईवर गेला. त्याच्या घरच्यायनं काय करावं, ते कोण लिहीन?” मी लहान होते. मला वाटलं तू खरंच त्या शिपायाच्या घरच्यांविषयी विचारते आहेस.

मग ते पुस्तक आलं. त्याला विज्ञानकथा म्हणतात हे आपल्याला माहीत नव्हतं, आपण त्याला यंत्राचं पुस्तक म्हणायचो. एक माणूस यंत्रात बसून पृथ्वीपासून फार लांब जातो, तिथे काही महिने राहतो आणि परत येतो. त्याच्या मते काही महिनेच झालेत. इथे पिढी सरलेली असते. दार उघडणारी म्हातारी ही त्याची मुलगी. ते तू एका आठवड्यात दोनदा वाचून दाखवलंस. मला ते आवडलं नाही, मी घाबरले होते, म्हणून म्हणाले की हे सगळं खोटं आहे. तू इतकी रागावलीस की माझ्या हातातलं सूप निसटून तांदूळ सांडले. शाळेतल्या आवाजात म्हणालीस, “खोटं काऊन? झालं नाई अजून, एवढंच.”

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो माणूस आला. बाजाराचा दिवस होता. जंगलातल्या एका टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा गोंड, वयाने बाबांपेक्षा मोठा, लाकूडतोडीतल्या कुणी सांगितलं म्हणून घर विचारत आलेला. त्याने पटक्याच्या टोकातून पितळेची चुन्याची डबी काढून तुझ्यापुढे धरली. तो मोहफुलं वेचायला गेला होता, तिथे नाल्याच्या काठी त्याला माणसाची हाडं दिसली आणि ही शेजारी पडली होती. “आमी त्याच्यावर गोटे रचले, बाई,” तो म्हणाला. “आता जानारा-येनारा एकेक गोटा ठेवते.” वाघाने नेलेल्या माणसाच्या जागी तसं करतात, हेही त्यानेच सांगितलं.

डबीच्या झाकणाची बिजागरी तुटली होती आणि तिथे तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती तार बाबांनी आपल्या ओट्यावर बसून गुंडाळली होती, मी शेजारी बसून बघितलं होतं. तू डबी हातात घेतलीस, उघडलीस, आतल्या वाळून दगड झालेल्या चुन्याला नख लावलंस. आणि म्हणालीस, “नाई. हे त्यायचं नव्हे.” त्याने वाद घातला नाही. मग तू त्याला जेवायला बसवलंस आणि वाढता वाढता विचारत राहिलीस. नाला कोणता, काठ कोणता, झाड कशाचं, तिथे ऊन किती वेळ असतं. ज्याचं नव्हे त्याच्याविषयी इतकं विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. जाताना त्याने डबी ओट्यावर ठेवली. ज्याची असेल तो घेऊन जाईल, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबीची बातमी ऐकून बाबांची बहीण आली, आणि तिच्याबरोबर काका. आत्या वाईट नव्हती, तिला भावाचं मरण नीट करायचं होतं. दहावं-तेरावं नाही, पिंड नाही, तो तिकडे भटकत असेल, असं ती रडून सांगत होती. आणि हाडं मिळाल्यावरही वहिनी कुंकू लावते म्हणून गाव तोंडात बोटं घालतं, हेही सांगत होती. तू एकच उत्तर दिलंस, डबी त्यांची नव्हे. मग आत्या माझ्याकडे वळली. “तू सांग, पोरी. तुझ्या बाबाची हाये का नाई?” सगळे माझ्याकडे पाहत होते. तूच तेवढी पाहत नव्हतीस, तू चुलीत लाकूड सारत होतीस. मला डबीवरची तार दिसत होती. मी म्हणाले, “नाई आत्या. बाबाची मोठी होती.”

ते गेल्यावर मला वाटलं होतं तू मला जवळ घेशील. तू पाणी प्यायलीस, माझ्यासमोर बसलीस. तुझा आवाज अगदी साधा होता. “मी बोलली ते माझ्यापुरतं बोलली. तू काऊन बोललीस?” मी म्हणाले, तू नाही म्हणालीस म्हणून. तू माझ्याकडे पाहिलंस. त्या नजरेत राग नव्हता, एखाद्याला आपल्या हातून चटका बसावा आणि ते आपल्याला उशिरा कळावं, तशी ती नजर होती. “मग आता जावंच लागन,” तू म्हणालीस.

शाळेला सुटी होतीच. आष्टीपर्यंत मोटारीने, पुढे लाकडाच्या ट्रकमध्ये पुढच्या बाजूला बसून, आणि शेवटी, टोल्यावर विचारत जाऊन गाठलेल्या त्या माणसाच्या मागून पायी. दिवसाढवळ्या चाललो होतो, पण सागाची पानं इतकी वाळली होती की आपल्याच पावलांच्या आवाजामागे आणखी एक पाऊल वाजल्यासारखं व्हायचं. मी दोनदा मागे पाहिलं. तू पाहिलं नाहीस, पण चाल हळू केलीस, मागच्याने गाठावं तशी. नाला कोरडा होता. काठावर ऐनाचं झाड, आणि त्याच्या खाली माझ्या कमरेइतका उंच दगडांचा ढीग. मला वाटलं होतं पाच-दहा गोटे असतील. हे कुणी ठेवले, असं तू विचारलंस, तर तो म्हणाला, कुणीही, ज्याला दिसतं तो. तू ढिगाभोवती एक चक्कर मारलीस. बाबांचं नाव माहीत नसलेल्या इतक्या माणसांनी त्यांच्यासाठी वाकून दगड उचलला होता. गावात आपण दोघी बाबांविषयी मोठ्याने बोलतही नव्हतो. तू रडलीस का, ते मला आठवत नाही. नाल्यातून एक गोटा घेऊन तो पदराने पुसलास, एवढं आठवतं. माझ्याकडूनही एक ठेववलास.

परत आल्यावर तू स्वतः काकांकडे जाऊन म्हणालीस की डबी त्यांचीच आहे, काय करायचं ते करा. मार्कंड्याला नदीवर सगळं यथासांग झालं. आत्याचं समाधान झालं, ते तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीपर्यंतच टिकलं, कारण त्या सकाळी तू आरशासमोर उभी राहिलीस आणि कुंकू लावून शाळेत गेलीस. गाव बोललं. आत्याने आपल्या घरी पाऊल टाकणं सोडलं. हळदीकुंकवाला तुला कुणी बोलावलं नाही, तसंही बोलावत नव्हतेच. मी धीर करून विचारलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. “गेले, हे मले कबूल हाये,” तू म्हणालीस. “पण निघाले तवा जसे होते, तसे कुठी तरी चालूनच राह्यले असतीन. त्यायच्यापुरता अजून तोच दिवस असन. मी इकडून दार काऊन लावू?” तू मरेपर्यंत कुत्र्याच्या भुंकण्याला वाचताना थांबायचीस. आणि माय, मीही थांबते. माझ्या घरातल्यांना वाटतं मला कमी ऐकू येतं, म्हणून मी कान देते.

परवाचं भाषण संपल्यावर एक गृहस्थ भेटायला आले. मी त्या यंत्राच्या पुस्तकावर बोलले होते आणि भरात त्या प्रवाशाचं वर्णन केलं होतं. उंच, खांद्यात जरा वाकलेला, डाव्या भुवईत जुनी खोक, हसण्याआधी खाली बघायची सवय. ते नम्रपणे म्हणाले की पुस्तक त्यांच्याकडे आहे आणि त्यात असं काही नाही. काल त्यांनी ते घरी आणून दिलं. मी पहिल्यांदाच ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. खरंच नाही. लेखकाने त्या माणसाला चेहराच दिलेला नाही. ज्या ओळी तू बोट ठेवून मला वाचून दाखवायचीस, त्या तिथे छापलेल्या नाहीत.

मी त्या गृहस्थांना म्हणाले, माझ्या लक्षात चुकीचं राहिलं असेल. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला खरं लिहिते. बाबांचा चेहरा म्हणून मी जन्मभर हाच डोळ्यांसमोर आणत आले, आणि तो मी बाबांना पाहून ओळखते की तुला ऐकून, हे मला आता सांगता येत नाही.