सकाळचे हात

सुमनचे बाबा,
जय भीम.

तुमी रिसोडहून याल तवा आमी घरी नसू. तुमच्या मायले घेऊन मी दुपारच्या यष्टीनं अकोल्याले जाऊन राह्यली. मुक्काम माह्या भावाच्या घरी.

तीन डॉक्टर झाले. तिघंही म्हनले, वात हाय, वयानं होते. तुमालेही तसंच वाटते. पन तिघाइनंही हात पाह्यले ते दुपारी. तवर बोटं मोकळी झाली रायतात. सकाळी दोन्ही मनगटं सुजलेली असतात, मूठ वळत नाही, पान्याचा गिलासही धरता येत नाही. तुमी उजाडताच वावरात जाता, तुमाले कसं दिसन?

म्हून उद्या डॉक्टरले सकाळीच हात दाखवनार हाय. तुमची माय, आत्याबाई, येत नव्हत्या. म्हनल्या, "पुन्हा वातच म्हनतीन." मी म्हनलं, "म्हनू द्या, पन हात पाहून म्हनू द्या." रक्तही तपासाले लावीन. दुखन्याचं नाव कळल्याबिगर मी वापस येनार नाही.

भाकरी टोपल्यात हाय. सुमन शेजारच्या लिलाबाईपाशी हाय.

रागावू नका. एक गोष्ट आत्याबाई लेकाले कधीच सांगनार नाहीत, म्हून मी लिवून ठेवली. दोन महिने झाले, त्याइले लुगडं मलेच नेसवून द्या लागते.

भागिरथा