भिकाजीचा कोंबडा आणि माझा गप्प बसण्याचा हक्क

वरची वाडी, कट्टा

चिरंजीव (सनद मिळाल्यापासून राजमान्य राजश्रीसुद्धा) अ‍ॅडव्होकेट कौस्तुभ यास गंगारामकाकाचे आशीर्वाद. काकीचे गुडघे सोडले तर इकडे सगळे खुशाल. तुझ्या न्यायाधीशाच्या परीक्षेचा निकाल जवळ आला म्हणे. मथुराआत्याने रवळनाथाला नवस बोलून ठेवलाय, तेव्हा तू निवांत राहा.

आता मुद्दा. शेजारच्या भिकाजीने माझ्यावर कोंबडा चोरल्याची तक्रार दिली आहे. (वकिलाला लिहिलेले गुप्त राहते म्हणून सांगतो: खाल्ला. तो माझा लाल माठाचा वाफा उकरत होता आणि काकीने त्याच दिवशी वड्यांचे पीठ भिजवले होते, यात माझा काय दोष?) पण खाणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. भिकाजीचा खरा डोळा पालखीवर आहे. जत्रेत पालखीला पहिला खांदा आपल्या घराचा, माझ्या आजोबांपासूनचा. चोराचा खांदा देवाला चालणार नाही, असे तो गावभर सांगत सुटलाय. तो मान गेला तर मी जत्रेला घराबाहेर पडणार नाही, हे खरेच सांगतो.

हवालदार चौकशीला आला तेव्हा मी त्याला पाट दिला, चहा दिला आणि तोंडाला कुलूप लावले. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे तूच गणपतीत मला शिकवले होतेस. शिवाय गोऱ्या साहेबाची गंमत बघ. आपल्याला दाबायला त्याने कायदे केले, पण स्वतःच्या पोलिसावर त्याचाही भरवसा नव्हता. पोलिसासमोरची कबुली पुराव्यात धरू नये, असे लिहून गेला. आता नवे कायदे आले, कलमांचे नंबर फिरले, पण हे कलम टिकले. हे सगळे मी हवालदाराला तासभर समजावले. (गप्प राहण्याचा हक्क समजावताना बोलावे लागते, त्याला इलाज नाही.) बिचारा हात जोडून गेला.

इथवर खटला माझ्या खिशात होता. पण सोमवारी देवळात गाऱ्हाणे होते. कायद्याची भीती नसली तरी देवाची आहेच, म्हणून मी गुरवाच्या कानात हळूच सगळे सांगितले. त्या मेल्याला हळू बोलणे ठाऊक नाही. त्याने गाभाऱ्यापुढे खड्या आवाजात गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान भिकाजीचो कोंबो जाणता-अजाणता खाल्लो आसात, तर ता पोटात घाल रे म्हाराजा!" आणि अख्खा गाव गरजला, "व्हय म्हाराजा!" सवयीने सर्वांत मोठा आवाज भिकाजीचा. त्याच्या शेजारी हवालदार, साध्या कपड्यांत.

घरी काकी कपाळावर हात मारून म्हणाली, "पोलिसाक सांगूक नाय, आणि अख्ख्या गावाक सांगून इलात?"

पण मी डगमगलो नाही. कबुली देवाला दिली होती, गावाने ती नुसती ऐकली. आणि फिर्यादीने स्वतः देवासमोर माफीला होकार भरलाय, म्हणजे तडजोड झालीच की! तू जत्रेआधी ये आणि काळा कोट घालून एवढेच भिकाजीला ऐकव.

तुझा,
गंगारामकाका

ता. क. येऊ नकोस. भिकाजीचा कोंबडा आज सकाळी मथुराच्या कोंबड्यांत सापडला, धडधाकट. भिकाजीने तक्रार मागे घेतली आणि मला मिठी मारून म्हणाला, "खांदो तुझोच रे गंगाराम!" आपण जिंकलो.

ता. क. २. मग आम्ही खाल्ला तो कोणाचा, हा प्रश्न काकीने दुपारी काढला. पिसे काढताना त्याच्या पायात लाल दोरा होता, हेही तिला आत्ताच आठवले. मथुरा तुझ्या नवसाचा कोंबडा शोधत वाडीभर फिरते आहे. गाऱ्हाण्याला तीही होती, पण अजून तिला उलगडा झालेला नाही. झाला तर खांदा गेला. तेव्हा तिला आजच फोन कर आणि सांग, की निकाल लागला की नवस तू तिकडेच परस्पर फेडणार आहेस, कोंबडा शोधू नकोस. आणि बाळा, हे पत्र वकील म्हणून वाच, कोंबड्याचा मालक म्हणून वाचू नकोस.