डाव्या बुटाचा सोल

प्रिय खारुताई,

दोन ओळींचं कार्ड पाठवीन म्हणाले होते आणि हे पत्र लांबलचक होणार असं दिसतंय, तेव्हा आधी दुकानाचं दार लोटून घे आणि एका जागी बस. मी मात्र बसलेली नाही. वाटसरूंच्या या निवाऱ्यात खिडकीशी उंच फळी आहे, तिच्यावर कागद ठेवून उभ्याउभ्याच लिहिते आहे. आज चोविसावा दिवस. चारशे किलोमीटर झाले, दोनशे उरले. पायाला फोड तीन, भूक राक्षसासारखी, बाकी मी ठणठणीत, असं लिहून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. ते काही जमत नाही.

मामाच्या आजारासाठी चालते आहे हे पाठीवरच्या पिशवीवर लिहिलेलं असल्यामुळे लोक थांबवून विचारतात. गेल्या आठवड्यात एका पावाच्या दुकानातल्या बाईंना आजाराचं नाव काही केल्या उच्चारता येईना. शेवटी त्यांनी वैतागून दोन पाव माझ्या पिशवीत कोंबले आणि या आजाराच्या रुग्णांसाठी पैसे जमवणाऱ्या मंडळाच्या डब्यातही काहीतरी टाकलं. मी सगळ्यांना आजार समजावून सांगते. आईला किंवा वडिलांना असला तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. चाळिशी-पन्नाशीपर्यंत पत्ता लागत नाही. मग पाय जातात, मग हात, मग जीभ. हे सगळं मी घडाघडा बोलते, जसं काही दुसऱ्याच कुणाच्या घरचं आहे. मग कुणीतरी विचारतं, तुमची तपासणी झाली का? आणि मला एकदम उशीर व्हायला लागतो, पुढचा मुक्काम गाठायचा असतो.

निघायच्या आदल्या दिवशी तू फोनवर जे म्हणालीस ते कानातून जात नाही. “आई, सहाशे किलोमीटर चालशील, पण एक सुई टोचून घेणार नाहीस.” मी फणकाऱ्याने फोन ठेवला. तू आणि जावईबापू बाळाचा विचार पुढे ढकलता आहात, तो कशामुळे हे मला ठाऊक आहे. माझ्या रक्तात काही निघालं नाही तर तुझा प्रश्नच मिटतो, एवढं गणित मलाही येतं. पण निघालं तर? तर मी तुला काय देऊन बसले असेन, हे एका कागदावर छापून हातात येईल. त्या कागदाला भिऊन मी जगासाठी पैसे गोळा करायला निघाले. लोक मला शूर म्हणतात तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला वाकते.

तीस वर्षं आपण दुरुस्तीला आलेले लोकांचे बूट उलटे करून बघतो आहोत. टपालवाला एकाच खांद्यावर पिशवी घेतो हे त्याच्या टाचेवरून सांगता येतं, आणि डॉक्टरीणबाई दिवसभर एका पायावर भार टाकून उभ्या असतात हेही. पण तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. मामाचं मला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. त्याने बूट दुरुस्तीला टाकले, तर डाव्या बुटाचं पुढचं टोक पार झिजलेलं आणि टाच जवळजवळ नवी. पाय उचलला जात नव्हता, घासत होता. आमच्या बाबांचेही बूट असेच झिजायचे. मी नवा सोल लावला, चांगली पॉलिश केली आणि गप्प बसले. डॉक्टर बोलले ते दीड वर्षाने. ते दीड वर्ष तो शिडीवर चढून लोकांची घरं रंगवत होता. त्यातच एकदा पडला, कंबर मोडली. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, करणारही नाही. आणि तेव्हापासून मी माझे स्वतःचे बूट कधी उलटे करून बघितले नाहीत. ते काम तुझ्याकडे. आईला कंटाळा, असं म्हणून तू हसायचीस.

आठवडाभर माझ्याबरोबर एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर चालताहेत. बोलतात कमी, खातात फार. जन्म चाकांचे आवाज ऐकण्यात गेलेला, त्यामुळे पाखरू उडालं तरी कुठला पंख दुखतोय ते सांगतील. परवा उतारावर मागून म्हणाले, “बाई, तुमचा डावा पाय घासतोय. दोन दिवस ऐकतोय मी.” मी त्यांना इतकं तोडून बोलले की बिचारे बरेच मागे राहिले. दगडच तसे आहेत, ओझं एकीकडे सरकलंय, फोड दुखतोय, अशी एकेक कारणं काढत मी भराभरा चालत सुटले. पुढचा ओढा ओलांडताना पाय अडखळला आणि पाण्यात पडले. लागलं काही नाही. त्याच दुपारी इथे पोचून बूट वाळत घातले, तर डाव्याचा सोल टोकाशी सुटलेला.

चिकटवायला म्हणून तो उचलला. आत, अगदी टोकाशी, कडक रबराचा अर्धगोल तुकडा बसवलेला होता. कडा तासून इतक्या सफाईने लावलेला, की वरून कुणाला कळू नये. मेण लावलेला दोरा, दुहेरी टाका. तो टाका मीच तुला शिकवला आहे. मग मी चांगला असलेला उजवा बूटही उसवून बघितला. आत काही नव्हतं.

निघण्याआधी तू माझे बूट चार दिवस ठेवून घेतलेस. काम फार आहे म्हणालीस. तू ते बघितलेस आणि तुला कळलं. जिथे झिजत होतं तिथे मला जपलंस आणि गप्प बसलीस, मी मामाच्या वेळी बसले तशी. नाही, तशी नाही. तू फोनवर सांगायला बघत होतीस, ऐकून मी घेतलं नाही. एवढं मोठं तू एकटीने कसं पोटात ठेवलंस ग? मी फरशीवर बसून पोटभर रडले. ड्रायव्हरसाहेब दुसरीकडे बघत चहा करत राहिले.

काल बसने शहरातल्या इस्पितळात जाऊन रक्त दिलं. तीन मिनिटं लागली. निकाल तीन आठवड्यांनी. वाट संपायला बारा दिवस आहेत, आणि आत्ता परत आले तर घर खायला उठेल, म्हणून जमेल तसं चालणार आहे. तुला रागवायचंय आणि जवळ घ्यायचंय, दोन्ही एकदमच. पण पत्र त्यासाठी नाही. निकाल ऐकायला एकटं यायचं नाही, असा तिथला नियम आहे. सोबत कोण येणार त्याचं नाव अर्जात लिहून द्यावं लागतं. मी सवयीने तुझं लिहिलं, मग नर्सबाईंकडे नवा अर्ज मागितला. कारण माझा निकाल ऐकणं म्हणजे तुझाही थोडा ऐकणं, आणि तो ऐकायचा की नाही हे मी ठरवू शकत नाही. नको वाटत असेल तर सरळ नको म्हण. ड्रायव्हरसाहेब यायला तयार आहेत, आणि तू विचारल्याशिवाय मी जन्मात एक अक्षर काढणार नाही. यावंसं वाटलं तर कळव. अर्जातली ती ओळ मी कोरी ठेवली आहे.

तू ठरवशील ते ऐकणारी, तुझीच
आई